प्रयोगशाळेतून संचालक मंडळाकडे : बायोजेन कंपनीतील नेतृत्वबदल (१९८४-८५) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश : नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट यांनी हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बायोजेन या लहान जैवतंत्रज्ञान कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद स्वीकारले. १९८४ च्या अखेरीस त्यांना ते सोडावे लागले. १९८५ मध्ये व्यवसायाने व्यवस्थापक असलेले जेम्स व्हिन्सेंट त्या पदावर आले. या घटनेचे 'शास्त्रज्ञ अपयशी ठरला, व्यवस्थापकाने कंपनी वाचवली' असे सुलभीकरण केले जाते. प्रस्तुत निबंधात या सुलभीकरणाची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : जैवतंत्रज्ञान, विद्यापीठ, उद्योग, नेतृत्वबदल, पेटंट, इंटरफेरॉन.

प्रस्तावना

राजघराण्यांतील सत्तांतरे, वारसाहक्काचे कलह आणि कारभाऱ्यांच्या नेमणुका हे इतिहासलेखनाचे परंपरागत विषय आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र मानवी जीवनावर दूरगामी परिणाम करणारे अनेक निर्णय दरबारात वा मंत्रिमंडळात झाले नाहीत, ते कंपन्यांच्या संचालक मंडळांत झाले. कोणत्या औषधावर पैसा खर्च करावयाचा, कोणती प्रयोगशाळा बंद करावयाची, कोणते संशोधन अर्ध्यावर सोडावयाचे हे ठरविणाऱ्या व्यक्ती बदलल्या की विज्ञानाची दिशाही बदलते. त्यामुळे कंपनीतील नेतृत्वबदल हा केवळ वाणिज्य शाखेचा विषय राहत नाही, तो इतिहासाच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

बायोजेनचे उदाहरण महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. कारण या कथेचा नायक आपल्यासारखाच वर्गात उभा राहणारा प्राध्यापक होता. त्याने सुरक्षित अध्यासन सोडून उद्योगाची वाट धरली आणि अल्पावधीतच तो पुन्हा विद्यापीठात परतला. त्याचे जाणे आणि परतणे या दोहोंचा अर्थ काय, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१) बायोजेनच्या स्थापनेमागील वैज्ञानिक व सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) १९८४-८५ मधील नेतृत्वबदलाच्या कारणांचा शोध घेणे.
३) नेतृत्वबदलानंतरच्या यशाचे श्रेय कोणाकडे जाते याची कालानुक्रमाच्या आधारे तपासणी करणे.

पार्श्वभूमी : एका शहरातील वाद

१९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका सजीवाचा जनुक दुसऱ्या सजीवात रोवून त्याच्या प्रती करण्याचे तंत्र सिद्ध केले. या तंत्राने जीवाणूंच्या पेशीत मानवी प्रथिने तयार करता येतील ही शक्यता निर्माण झाली. त्याचबरोबर भीतीही निर्माण झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरात, म्हणजे हार्वर्डच्याच गावात, १९७६ मध्ये महापौर आल्फ्रेड वेलुची यांच्या पुढाकाराने नगर परिषदेने या संशोधनाच्या अधिक जोखमीच्या प्रयोगांना तात्पुरती स्थगिती दिली. सामान्य नागरिकांच्या समितीने प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये नियमांच्या चौकटीत संशोधनास परवानगी देणारा स्थानिक कायदा झाला.

या वादाची झळ गिल्बर्ट यांना प्रत्यक्ष बसली. १९७८ मध्ये जीवाणूंद्वारे मानवी इन्सुलिन तयार करण्याची शर्यत सुरू असताना अमेरिकेतील निर्बंधांमुळे त्यांच्या गटाला इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथील लष्करी संशोधन केंद्रात जाऊन काम करावे लागले. तेथील प्रयोग नमुन्यात उंदराच्या इन्सुलिनच्या जनुकाची भेसळ झाल्यामुळे फसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील जेनेनटेक या नव्या कंपनीने मानवी इन्सुलिन तयार झाल्याची घोषणा केली. विद्यापीठातील विद्वानांना दोन वर्षांच्या कंपनीने मागे टाकले होते.

प्राध्यापक गिल्बर्ट

वॉल्टर गिल्बर्ट यांचा जन्म १९३२ मध्ये बोस्टन येथे झाला. त्यांचे मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अब्दुस सलाम यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. १९६० च्या सुमारास जेम्स वॉटसन यांच्या सहवासात ते जीवशास्त्राकडे वळले. १९६६ मध्ये त्यांनी बेनो म्युलर-हिल यांच्यासह जनुकाचे कार्य रोखणारे प्रथिन वेगळे केले. १९७७ मध्ये ॲलन मॅक्सम यांच्यासह त्यांनी डीएनएमधील घटकांचा क्रम वाचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीबद्दल त्यांना १९८० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रेडरिक सँगर व पॉल बर्ग यांच्यासह विभागून मिळाले. 'इंट्रॉन' व 'एक्सॉन' या संज्ञाही त्यांच्याच.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळून यशस्वी झालेल्या माणसाला विषयांतराची भीती उरत नाही. एकदा क्षेत्र बदलून जे साधले ते दुसऱ्यांदा का साधू नये, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

बायोजेनची स्थापना

१९७८ मध्ये जिनिव्हा येथे बायोजेनची स्थापना झाली. भांडवलाचा पुढाकार इंटरनॅशनल निकेल या खाणउद्योगातील कंपनीच्या साहसी गुंतवणूक विभागाकडून आला. संस्थापकांत हार्वर्डचे गिल्बर्ट, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे फिलिप शार्प, झुरिकचे चार्ल्स वाइसमन, एडिंबराचे केनेथ मरे, हायडेलबर्गचे हाइन्झ शालर अशा नामवंतांचा समावेश होता. हे सारे आपापल्या विद्यापीठांत राहूनच कंपनीचे काम पाहणार होते. कंपनीचे वैज्ञानिक मंडळ म्हणजे जणू प्राध्यापकांचे एक आंतरराष्ट्रीय अभ्यास मंडळच होते. पैसा उद्योगाचा, प्रयोगशाळा बहुतांशी विद्यापीठाची आणि निर्णय विद्वानांचे, अशी ही रचना होती.

या रचनेने आरंभी चांगली फळे दिली. १९७९ च्या अखेरीस वाइसमन यांच्या झुरिक येथील प्रयोगशाळेत अल्फा इंटरफेरॉन या मानवी प्रथिनाचा जनुक जीवाणूत रोवण्यात यश आले आणि जानेवारी १९८० मध्ये बोस्टन येथे पत्रकार परिषद घेऊन ते जाहीर करण्यात आले. इंटरफेरॉन हे कर्करोगावरील रामबाण औषध ठरेल अशी आशा त्या काळी सर्वत्र होती. 'टाइम' साप्ताहिकाने त्याच वर्षी त्यावर मुखपृष्ठकथा केली. या संशोधनाचे हक्क घेणाऱ्या शेरिंग-प्लाऊ या औषध कंपनीच्या समभागांचा भाव वधारला. मात्र संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध होण्यापूर्वी पत्रकारांपुढे मांडण्याच्या या प्रथेवर वैद्यकीय जगतातून टीकाही झाली. एडिंबरा येथे केनेथ मरे यांच्या गटाने हिपॅटायटिस बी विषाणूच्या जनुकांवर, तर घेंट येथे वाल्टर फीर्स यांच्या प्रयोगशाळेने बीटा इंटरफेरॉनच्या जनुकावर काम केले. कंपनीच्या पुढील इतिहासात ही तीन नावे, म्हणजे अल्फा इंटरफेरॉन, हिपॅटायटिस बी आणि बीटा इंटरफेरॉन, पुन्हा पुन्हा येतात.

१९८० : एक निर्णायक वर्ष

१९८० हे वर्ष या उद्योगाच्या इतिहासात सीमारेषेसारखे आहे. जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या प्रकरणात मानवनिर्मित सूक्ष्मजीवावर पेटंट देता येते असा निर्णय दिला. ऑक्टोबरमध्ये जेनेनटेकचे समभाग बाजारात आले आणि ३५ डॉलरचा समभाग पहिल्याच दिवशी काही काळ ८८ डॉलरपर्यंत गेला. त्याच महिन्यात गिल्बर्ट यांचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. डिसेंबरमध्ये सरकारी अनुदानातून झालेल्या शोधांवर विद्यापीठांना पेटंट घेऊ देणारा बेह-डोल कायदा संमत झाला.

याच काळात खुद्द हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या अध्यापकांच्या संशोधनावर उभ्या राहणाऱ्या एका कंपनीत भागीदारी घ्यावी असा प्रस्ताव पुढे आला. अध्यापकवर्गातून तीव्र विरोध झाला. ज्या सहकाऱ्याच्या कंपनीत विद्यापीठाचाच पैसा आहे त्याच्या बढतीचा निर्णय निःपक्षपातीपणे कसा होणार, हा त्यांचा प्रश्न होता. नोव्हेंबर १९८० मध्ये अध्यक्ष डेरेक बॉक यांनी प्रस्ताव नाकारला. विद्यापीठ आणि बाजारपेठ यांच्यामधील ही रेषा ओढली गेल्यानंतर गिल्बर्ट यांच्यासारख्यांना रेषेच्या कोणत्या बाजूस उभे राहावयाचे हे ठरविणे भाग पडले. १९८१ मध्ये ते बायोजेनचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि १९८२ मध्ये त्यांनी हार्वर्डचे प्राध्यापकपद सोडले.

गिल्बर्ट यांचा कारभार आणि पदत्याग

गिल्बर्ट यांच्या कारकिर्दीत बायोजेनने केंब्रिज शहरात प्रयोगशाळा उभारली. ज्या शहराने पूर्वी प्रयोग थांबविले होते तेच आता जैवतंत्रज्ञानाचे केंद्र होऊ लागले. स्पष्ट नियम आधीच ठरलेले असल्यामुळे कंपन्यांना तेथे येणे सोयीचे वाटले. १९८३ मध्ये बायोजेनने समभाग विक्रीस काढले. जिनिव्हा, घेंट, झुरिक व केंब्रिज अशा अनेक ठिकाणी तिचे संशोधन चालू होते.

तथापि खर्च वाढत गेला आणि उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नाही. याची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले कारण काळाचे. जनुक जीवाणूत रोवण्यास महिने लागत, परंतु त्यापासून औषध तयार करून रुग्णांवर चाचण्या घेणे व शासनाची मान्यता मिळविणे यास अनेक वर्षे लागत. दुसरे कारण विस्ताराचे. प्रत्येक संस्थापकाचे संशोधन महत्त्वाचे मानले गेल्यामुळे विषयांची निवड करणे कठीण झाले. विद्यापीठात अनेक विषय समांतर चालणे हे समृद्धीचे लक्षण असते. मर्यादित भांडवलाच्या कंपनीत तेच ओझे होते. तिसरे कारण अपेक्षाभंगाचे. इंटरफेरॉन हे सर्व कर्करोगांवरील औषध नाही हे चाचण्यांतून स्पष्ट होऊ लागले आणि गुंतवणूकदारांचा प्रारंभीचा उत्साह ओसरला.

डिसेंबर १९८४ मध्ये गिल्बर्ट यांनी पदत्याग केला. १९८५ मध्ये ते हार्वर्डला परतले. त्यांच्यानंतर काही महिने कंपनी कायमस्वरूपी प्रमुखाविना चालली आणि १९८५ च्या शरद ऋतूत जेम्स व्हिन्सेंट यांची नियुक्ती झाली. व्हिन्सेंट यांनी यापूर्वी ॲबट लॅबोरेटरीज या मोठ्या औषध व निदान-साहित्य कंपनीत वरिष्ठ पदावर काम केले होते आणि त्यानंतर अलाइड या उद्योगसमूहाच्या आरोग्य विभागाची धुरा सांभाळली होती. वैज्ञानिकाच्या जागी व्यवस्थापक आला होता.

व्हिन्सेंट यांचे धोरण

व्हिन्सेंट यांचे धोरण थोडक्यात असे सांगता येईल : आवर घालणे, हक्क सांभाळणे आणि थांबणे. युरोपातील केंद्रांचा पसारा आवरण्यात आला. जिनिव्हा येथील संशोधन केंद्र १९८७ मध्ये ग्लॅक्सो कंपनीकडे गेले. संशोधनाचे विषय कमी करण्यात आले. कंपनीकडे असलेल्या पेटंटांचे परवाने मोठ्या औषध कंपन्यांना देऊन त्यांच्याकडून रॉयल्टी घ्यावयाची, आणि त्या उत्पन्नावर स्वतःचे औषध तयार होईपर्यंत तग धरावयाचा, अशी ही योजना होती.

योजना फळास आली. जून १९८६ मध्ये शेरिंग-प्लाऊच्या अल्फा इंटरफेरॉनला अमेरिकेत एका दुर्मीळ रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली. पुढे १९९१ मध्ये हिपॅटायटिस सी या विकारासाठीही ते मान्य झाले. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत मर्क कंपनीची जनुकीय तंत्राने बनविलेली लस १९८६ मध्येच मान्य झाली होती. या लसीमागील संशोधन प्रामुख्याने अन्य गटांचे होते. परंतु बायोजेनकडील पेटंटांमुळे स्मिथक्लाइन व मर्क या दोन्ही कंपन्यांकडून पुढे तिला रॉयल्टी मिळू लागली.

या धोरणातही सारे काही सरळ घडले नाही. रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या हिरुलॉग या औषधावर कंपनीने मोठी भिस्त ठेवली होती. १९९४ मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे न आल्याने ते सोडून द्यावे लागले. दुसऱ्या कंपनीने ते घेतले आणि २००० मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले. म्हणजे अनुभवी व्यवस्थापकाच्या हातूनही एक उपयुक्त औषध निसटले. ब्रिटनमध्येही बायोजेनचे हिपॅटायटिस बीवरील पेटंट तेथील सर्वोच्च अपील न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९६ मध्ये मेदेवा कंपनीबरोबरच्या खटल्यात अवैध ठरविले.

त्याच वर्षी, मे १९९६ मध्ये, अव्होनेक्स या नावाने बीटा इंटरफेरॉनला अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारासाठी मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे हे इंजेक्शन बायोजेनने स्वतः बाजारात आणले. स्थापनेनंतर १८ वर्षांनी कंपनी खऱ्या अर्थाने औषध कंपनी झाली. २००३ मध्ये आयडेक या कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले, त्या वेळी ती 'लहान कंपनी' राहिली नव्हती.

श्रेयाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कंपनी कोणी वाचवली? रूढ उत्तर व्हिन्सेंट यांचे नाव घेते, आणि ते निराधार नाही. हातातील पैसा संपत असताना केंद्रे बंद करण्याचे अप्रिय काम त्यांनी केले. तथापि कालानुक्रम मांडून पाहिला तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. व्हिन्सेंट यांची नियुक्ती १९८५ ची आहे आणि अल्फा इंटरफेरॉनची मान्यता जून १९८६ ची. कोणतेही औषध अवघ्या काही महिन्यांत तयार होत नाही. अल्फा इंटरफेरॉन, हिपॅटायटिस बी व बीटा इंटरफेरॉन या तिन्हींची बीजे १९७८ ते १९८० या काळातील आहेत. व्हिन्सेंट यांनी ज्या पेटंटांवर कंपनी तगवली ती पेटंटे प्राध्यापकांच्या मंडळाने मिळविलेली होती, आणि जे औषध अखेर कंपनीच्या नावाने बाजारात आले तेही त्याच काळातील प्रथिनावर आधारलेले होते. पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, असे येथे घडले.

परंतु याचा अर्थ गिल्बर्ट पदावर राहिले असते तरी हेच घडले असते असाही होत नाही. पेरणी करणाऱ्याला राखण करता येतेच असे नाही. एखादा विषय अपूर्ण असताना सोडून देणे हे शास्त्रज्ञाच्या प्रशिक्षणाच्या विरुद्ध असते, कारण कोणत्या वाटेने शोध लागेल हे आधी सांगता येत नाही ही त्याची शिकवण असते. व्यवस्थापकाला मात्र नेमके हेच सांगावे लागते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे. १९८४ मध्ये जागा बदललेली होती.

तुलनेसाठी जेनेनटेकचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे संस्थापक रॉबर्ट स्वॉन्सन यांनी १९९० मध्ये कर्क राब या औषध उद्योगातील अनुभवी व्यवस्थापकाकडे सूत्रे दिली. १९९५ मध्ये राब यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी आर्थर लेव्हिन्सन आले. हे लेव्हिन्सन शास्त्रज्ञ होते, आणि त्यांची कारकीर्द यशस्वी ठरली. मात्र ते १९८० मध्ये संशोधक म्हणून कंपनीत आले होते आणि १५ वर्षे तेथे काम करून प्रमुखपदापर्यंत पोहोचले होते. गिल्बर्ट विद्यापीठातून थेट प्रमुखपदावर आले. तेव्हा 'शास्त्रज्ञाला कंपनी चालविता येत नाही' हे विधान टिकत नाही. कंपनी चालविण्याचे शिक्षणही कोठेतरी घ्यावे लागते, एवढेच या तुलनेतून निष्पन्न होते.

परतलेला प्राध्यापक

या कथेतील दुर्लक्षित भाग गिल्बर्ट यांच्या परतीनंतरचा आहे. १९८६ मध्ये त्यांनी 'आरएनए जग' ही संज्ञा मांडली. जीवसृष्टीच्या आरंभी डीएनए व प्रथिने यांच्याआधी आरएनए हाच रेणू दोन्ही कामे करीत असावा, ही कल्पना आज जीवोत्पत्तीच्या चर्चेत मध्यवर्ती मानली जाते. मानवी जनुकसंच संपूर्ण वाचण्याच्या प्रकल्पाचेही ते आरंभीचे आग्रही पुरस्कर्ते होते. कंपनीने गमावलेला प्रमुख विद्यापीठाला अशा प्रकारे लाभला. कंपनीच्या इतिहासात ज्याची नोंद पराभव म्हणून होते, त्याची विज्ञानाच्या इतिहासात वेगळी नोंद करावी लागते.

सहसंस्थापकांचे मार्गही बोलके आहेत. फिलिप शार्प विद्यापीठात राहिले आणि त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. केनेथ मरे यांनीही एडिंबरा सोडले नाही. हिपॅटायटिस बीच्या पेटंटातून आपल्या वाट्याला येणाऱ्या रॉयल्टीतून त्यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला डार्विन ट्रस्ट जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण व संशोधन यांना साहाय्य करू लागला. एकाच कंपनीच्या तीन संस्थापकांनी विद्यापीठाशी तीन प्रकारचे नाते ठेवले : एकाने ते तोडून पुन्हा जोडले, दुसऱ्याने दोन्हीकडे पाय ठेवूनही तोल सांभाळला, तिसऱ्याने बाजारातून मिळालेले धन विद्यार्थ्यांकडे वळविले.

निष्कर्ष

१) बायोजेनमधील १९८४-८५ चा नेतृत्वबदल हा व्यक्तीच्या अपयशापेक्षा संस्थेच्या अवस्थांतराचा परिणाम होता. शोधाच्या अवस्थेतून उत्पादनाच्या अवस्थेकडे जाताना कंपनीला निवड करणाऱ्या नेतृत्वाची गरज भासली.

२) बदलानंतरचे यश नव्या प्रमुखाच्या शिस्तीवर आणि जुन्या प्रमुखाच्या काळातील शोधांवर, अशा दोन्हींवर उभे होते. पदाचा कालखंड आणि फळाचा कालखंड एक मानणे ही इतिहासलेखनातील चूक येथेही घडते.

३) विद्यापीठाने परतीचा मार्ग खुला ठेवल्यामुळे विज्ञानाचे नुकसान टळले.

हा तिसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बेह-डोल कायद्याच्या धर्तीवरील विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, परंतु ते संमत न होता मागे घेण्यात आले. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने मात्र उच्च शिक्षण संस्थांतील अध्यापकांना स्वतःचा उद्योग उभारण्यास उत्तेजन दिले आहे. अध्यापकाने उद्योगात जावे की नाही यावर चर्चा पुष्कळ होते. तो अपयशी ठरून परत आला तर त्याच्यासाठी वर्गाचे दार उघडे असेल काय, आणि त्या अपयशातून तो जे शिकला ते ऐकण्याची आपल्या सहकाऱ्यांची तयारी असेल काय, याची चर्चा फारशी होत नाही. बायोजेनचा इतिहास हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.